‘बहिणींची नावं कमी करून घ्या’: सातबाऱ्यावरच्या एका रकान्याचा इतिहास

रानजाई (धागाकर्ती)

परवा रात्री दादाचा फोन आला. द्राक्षाची छाटणी, लांबलेला पाऊस, वहिनीचा गुडघा असं सगळं बोलून झाल्यावर म्हणाला, "पुढच्या आठवड्यात एक दिवस काढून ये. माझं नि अण्णाचं वाटप करून टाकतोय. त्याआधी तुम्हा बहिणींची नावं कमी करून घ्यावी लागतील. हक्कसोड करायचं, अर्ध्या तासाचं काम आहे."

‘नावं कमी करणे’ हा आमच्याकडे रुळलेला शब्द आहे, दादाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण फोन ठेवला आणि तो शब्द काही जाईना. मग मोबाइलवर आमच्या गटाचा सातबारा काढला. वडील २००३ साली गेले, तेव्हापासून मी तो एकदाही पाहिला नव्हता. डावीकडे कब्जेदाराच्या रकान्यात दादा आणि अण्णा. उजवीकडे ‘इतर हक्क’. तिथे सोसायटीचा बोजा, विहिरीतल्या पाण्याची पाळी, आणि त्याखाली आई, ताई आणि मी. कर्जाच्या आणि पाण्याच्या ओळीखाली आम्ही तिघी.

ताईचं लग्न मे १९९४ मधलं, माझं १९९७ चं. एकाच आईच्या पोटच्या आम्ही दोघी. पण महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा दिला, तो त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळून. ताईचा मांडव पडला त्यानंतर महिना-दीड महिन्यात कायदा आला, म्हणून मी आत आणि ती बाहेर. २००५ साली केंद्राने कायदा बदलला, ताई आत आली. २०१५ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असले पाहिजेत. आमचे वडील दोन वर्षं आधी गेलेले, ताई पुन्हा बाहेर. ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने सांगितलं की हक्क जन्माने आहे, वडील कधी गेले याला महत्त्व नाही. ताई पुन्हा आत. या सगळ्या काळात ती सिन्नरकडे गुरांचं शेण काढत होती, कांदे निंदत होती. आपण आत आहोत की बाहेर, हे तिला कोणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

म्हणून हा धागा. हा हक्क आपल्यापर्यंत कसा आला आणि एका सहीत कसा जातो, यावर ज्यांना जे ठाऊक असेल, ज्यांनी जे भोगलं असेल, ते इथे लिहा. मला पुढच्या आठवड्यात निर्णय घ्यायचा आहे, पण एवढ्यासाठीच विचारत नाही. माझ्या मुलीला उद्या हे सांगताना माझ्याकडे नीट माहिती हवी.

---

केवडा

रानजाई, वाचताना घशाशी आलं. माझी सही २०११ साली झाली. त्या दिवशी भावाने आम्हा तिघी बहिणींना हॉटेलात जेवायला नेलं, साड्या घेतल्या. तेव्हा मला खरोखर छान वाटलं होतं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. कागदात काय लिहिलंय ते कोणी वाचून दाखवलं नाही.

---

वकीलकाकू

जिल्हा न्यायालयात ३० वर्षं दिवाणी कामं केली, त्यातलं थोडं सांगते.

आपल्याकडे बाईच्या हाती मिळकत मुळीच नव्हती असा सरसकट समज आहे, तो बरोबर नाही. जुन्या मुंबई इलाख्यात मिताक्षरा या जुन्या धर्मशास्त्रग्रंथाबरोबर नीलकंठ भट्टांचा व्यवहारमयूख हा ग्रंथही वारशासाठी मानला जाई. त्यामुळे मुलगा नसलेल्या बापाची जमीन मुलीकडे आली तर ती तिच्या पूर्ण मालकीची होई. इतर प्रांतांत मुलीला तेवढ्याच जमिनीवर हयातीपुरता हक्क मिळत असे, विकायची मुभा नसे. बहिणीलाही वारसांच्या ओळीत आपल्या इलाख्यात वरची जागा होती. म्हणजे परंपरेत बीज होतं. पण अट एकच: घरात मुलगा नको. भाऊ जन्माला आला की मुलगी संपली.

विधवेची गत त्याहून वाईट. एकत्र कुटुंबात नवरा गेला की तिला फक्त अन्नवस्त्र. १९३७ साली मुंबईचे शल्यवैद्य आणि केंद्रीय विधिमंडळाचे सदस्य डॉ. जी. व्ही. देशमुख यांनी पुढाकार घेतला आणि विधवेला नवऱ्याचा वाटा मिळाला, तोही हयातीपुरता. त्याला ‘देशमुख कायदा’च म्हणत. त्यातून शेतजमीन निसटली, कारण शेतजमिनीचा वारसा तेव्हा प्रांतांच्या अखत्यारीत होता. फेडरल कोर्टाने १९४१ साली तसं स्पष्टच सांगितलं. शेतीवर जगणाऱ्या देशात बाईला हक्क द्यायचा आणि शेती वगळायची, हे पुढेही वारंवार होत गेलं, ते लक्षात ठेवा.

---

गोदातीर

वाचते आहे. काकू, पुढचंही लिहा ना, हिंदू कोड बिलाचं.

---

वकीलकाकू

लिहिते.

हिंदू कोड बिल म्हणजे हिंदूंच्या लग्न-वारशाच्या कायद्यांचं एकत्र बिल. त्याच्या बी. एन. राव समितीने केलेल्या मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता. डॉ. आंबेडकर कायदामंत्री असताना बिल प्रवर समितीकडे गेलं, तिथे तो मुलाइतका झाला. त्यावर जे काहूर उठलं, त्यातले आक्षेप आज वाचले तर वाटेल कालच आपल्या ओटीवर ऐकलेत: जमिनीचे तुकडे होतील, जावई घरात शिरेल, भावाबहिणीचं प्रेम आटेल. बिल रेंगाळत ठेवलं गेलं. २७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी राजीनामा दिला. त्यामागे कारणं आणखीही होती, पण हे बिल सोडून देणं हे मोठं कारण होतं. राजीनाम्याच्या निवेदनात ते म्हणतात त्याचा आशय असा की, वर्गावर्गांतली आणि स्त्रीपुरुषांतली विषमता तशीच ठेवून केवळ आर्थिक प्रश्नांचे कायदे करत जाणं ही राज्यघटनेची थट्टा आहे, शेणाच्या ढिगावर महाल बांधण्यासारखं आहे.

दलित समाजाच्या नेत्याने सर्व जातींच्या बायकांच्या वाट्यासाठी मंत्रिपद सोडलं. आमच्या मराठा, माळी, ब्राह्मण घरांतल्या किती मुलींना हे माहीत आहे? मला कायद्याच्या शिक्षणात पहिल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं, याची खंत वाटते.

पुढे त्याच बिलाचे चार तुकडे होऊन कायदे झाले. वारसा कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला. त्याच्या कलम १४ ने विधवेचा हयातीपुरता हक्क पूर्ण मालकीचा केला, ही फार मोठी गोष्ट. पण कलम ६ ने एकत्र कुटुंबाचा जन्मसिद्ध हक्क पुरुषांकडेच ठेवला. आणि कलम २३ ने राहत्या घरात मुलीला वाटणी मागायला बंदी केली, भाऊ स्वतः वाटणी करेपर्यंत तिने थांबायचं.

---

सातमाळा

कलम ६ चा हिशेब गावच्या भाषेत मांडतो. मी शिक्षक आहे, आठवीच्या मुलांना अपूर्णांक शिकवताना हेच उदाहरण देतो.

वडिलोपार्जित ९ एकर. वडील, दोन मुलगे, एक मुलगी. आई आधीच वारलेली, हिशेब सोपा व्हावा म्हणून. वडील गेले. १९५६ च्या कायद्याने आधी कल्पनेतली वाटणी करायची: वडील ३, मोठा मुलगा ३, धाकटा ३. मुलगी त्यात नाही. मग वडिलांच्या ३ एकरांचे वारस तिघं, प्रत्येकी १. म्हणजे मुलांना ४-४ एकर आणि मुलीला १.

आता, २००५ नंतर: मुलगीही जन्माने धरलेली. शेवटी तिघांना ३-३ एकर.

फळ्यावर ४, ४, १ लिहिलं की वर्गातल्या मुली मान वर करून बघतात. दरवर्षी एखादी तरी विचारते, "सर, एक का?" पण गेल्या वर्षी एका मुलाने विचारलं, "सर, तीन कशाला?" त्याला उत्तर देताना माझा अर्धा तास गेला, आणि तो पटून गेला की नाही मला सांगता येणार नाही.

---

शिवार

मी शेतकरी आहे आणि भाऊ आहे. इथे सगळे एकाच बाजूने बोलताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. राग नसावा.

माझ्या दोन्ही बहिणींची नावं सातबाऱ्यावर आहेत, मी कमी केली नाहीत. पण पीककर्ज घ्यायचं म्हटलं की सोसायटी सगळ्या खातेदारांच्या सह्या मागते. एक बहीण पुण्यात, एक सुरतेला. दर हंगामात संमतीपत्रासाठी धावायचं. ठिबकचं अनुदान, विजेचं कनेक्शन, शेततळं, जिथे जाल तिथे सर्वांची संमती. दुष्काळात मी एकटा मातीत राबलो, आईचं ऑपरेशन मी केलं, कर्जाचा बोजा माझ्या डोक्यावर. बहिणींच्या लग्नात वडिलांनी दोन एकर विकली. तो त्यांचा वाटा नव्हता का? कायदा करणाऱ्यांनी गावात येऊन एक वर्ष शेती करून पाहावी.

---

केवडा

शिवारदादा, तुमची सह्यांची अडचण खरी आहे, ती मी नाकारणार नाही. पण लग्नाच्या खर्चाचं बोलते. माझ्या लग्नात वडिलांनी हुंडा दिला, कायद्याने १९६१ पासून बंदी असताना. ते पैसे माझ्या हातात एक दिवसही आले नाहीत. सासऱ्यांनी त्यातून मोटार बसवली, तीही त्यांच्या विहिरीवर. मांडवात जेवले ते गाव जेवलं. मग तो माझा वाटा कसा? वडिलांनी दोन एकर विकली, ती माझ्यासाठी नव्हे, मला घरातून पाठवण्यासाठी विकली.

आणि भावाच्या लग्नालाही खर्च झाला होता की. तो त्याच्या वाट्यातून कोणी वजा केला?

---

शिवार

भावाच्या लग्नाचा मुद्दा मी कधी असा पाहिला नव्हता. बरोबर आहे तो.

---

वकीलकाकू

सह्यांची अडचण सोडवायला नाव पुसायची गरज नसते. बहिणीने भावाला कुलमुखत्यारपत्र दिलं, तेही फक्त पीककर्ज आणि अनुदानाच्या कामापुरतं, तर तो कामं करू शकतो. अडचण वर्षाची असते, हक्कसोड जन्माचं.

---

खानदेशी

रानजाई नाशिककडच्या दिसतात. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन झालं, त्यावर कोणी लिहील म्हणून वाट पाहत होते. लाखावर बायका जमल्याचं सांगतात. मी सहा वर्षांची होते, आजी गेली होती. घरची चूल तीन दिवस आजोबांनी सांभाळली ही गोष्ट आमच्या गल्लीत पुढे कित्येक वर्षं सांगितली जायची.

त्यातूनच पुढे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती मोहीम चालवली, १९९० च्या आसपास. ज्या गावात शंभर शेतकरी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करतील ते लक्ष्मीमुक्ती गाव. आमच्या जळगाव जिल्ह्यातलं विटनेर हे त्यात गाजलं. सभांमधून सीतेची गोष्ट सांगत: रामाने घराबाहेर काढलं तेव्हा सीतेला स्वतःचं म्हणून छप्पर नव्हतं. ‘घरच्या लक्ष्मीचं ऋण फेडा’ अशी ती हाक होती. आणि पुरुष उठून नाव लिहून देत. त्यासाठी कायद्याचा बडगा नव्हता, केवळ मनाला घातलेली साद होती. पुढे १९९२ साली महसूल खात्यानेही लक्ष्मी मुक्ती नावानेच परिपत्रक काढलं, नवऱ्याच्या हयातीत बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी.

मला ही मोहीम फार मोलाची वाटते. तरी एक गोष्ट बोलते. ते नवऱ्याने बायकोला दिलेलं होतं. लेकीचं काय, हा प्रश्न तिथे मागेच राहिला. बायकोला दिलेली जमीन कुळाबाहेर जात नाही, लेकीला दिलेली जाते, असं पुरुषाला वाटतं. माझ्या मते गाडी नेमकी इथे अडते.

---

रानजाई

खानदेशीताई, तुम्ही चांदवड काढलंत आणि माझे हात थांबले.

माझी आई गेली होती चांदवडला. मी बारा वर्षांची होते. पहाटे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चाळीस-पन्नास बायका, पायाखाली कडब्याच्या पेंढ्या, प्रत्येकीच्या फडक्यात दोन दिवसांच्या भाकरी नि लसणाची चटणी. बिल्ला तिने पदराला लावला होता आणि परत आल्यावर देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवला. बरीच वर्षं तो तिथे होता. आठ दिवस ती वेगळीच बोलायची. वडिलांना म्हणाली होती, "आमच्या घामाचा हिशोब कोण धरतं?" वडील हसले नव्हते, एवढं आठवतं.

त्या आईचं नाव आज ‘इतर हक्क’ मध्ये आहे. आणि काल तिचाच फोन आला: "बाई, सही करून टाक. मी असेपर्यंत तरी तुमच्यात वितुष्ट नको."

मला यावर काय बोलावं ते सुचलं नाही.

---

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितो. आमच्याकडे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून आली, त्यामुळे मुलगा-मुलगी वारसा सारखाच, हिंदू-ख्रिस्ती-मुसलमान सर्वांना साधारण एकच कायदा. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक, दोघांची निम्मी निम्मी. घर विकायचं तर बायकोची सही लागते. बापाला मृत्युपत्राने फक्त अर्ध्या मिळकतीचीच विल्हेवाट लावता येते, उरलेला अर्धा मुलांचा राखीव. २०१२ साली गोव्याने आपला वारसा कायदा केला, तो २०१६ च्या डिसेंबरात लागू झाला. त्यातही ही चौकट कायम आहे.

बाहेरचे लोक म्हणतात गोव्यात बायका सुखी. पण माझ्या आईने १९७८ साली मामांच्या नावे हक्क सोडला. पेडण्याजवळ नारळाची बाग. नोटरीकडे जाताना आजोबा म्हणाले होते, "गो, तुका कितें उणें आसा?" तिला खरंच काही उणं नव्हतं. बाबा गेल्यावर उणं पडलं. तेव्हा त्या बागेतून दर चतुर्थीला नारळ येत, मोजून अकरा. दीडशे वर्षं जुना समान कायदा असूनही सही घेणारा हात तोच राहिला.

---

खाडीपट्टा

रत्नागिरीकडची मुस्लिम मुलगी आहे, आमच्यातलं सांगते. शरियतमध्ये मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा आहे, पण तो आहे, पक्का. १९३७ च्या शरियत कायद्यात मात्र शेतजमीन वगळलेली. वर काकूंनी देशमुख कायद्याचं सांगितलं, त्याच साली, तीच वगळणूक. दोन धर्मांच्या बायका, वगळलेली जमीन एकच. मला आज पहिल्यांदा हे शेजारी शेजारी ठेवून दिसलं.

बाकी अनुभव केवडाताईंसारखाच. आमच्याकडे ‘माफ करून टाक’ म्हणतात. फुफूने, म्हणजे आत्याने, माझ्या अब्बांना माफ केलं. अब्बा चांगले आहेत, तिला ईदला सगळं पाठवतात. पण तिच्या घराचं छप्पर मोडलं तेव्हा तिला मागावं लागलं. मागताना ती अब्बांकडे बघत नव्हती, पायाच्या अंगठ्याकडे बघत होती.

---

सातपुडा_शाळा

नंदुरबारमध्ये शिकवते. १९५६ चा आणि २००५ चा, दोन्ही कायदे अनुसूचित जमातींना लागूच नाहीत, कलम २(२). आमच्या शाळेतल्या भिल्ल, पावरा मुलींना ३-३-३ चं गणित शिकवलं तर ते त्यांच्या घरचं नाही. २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबात आईचा वाटा तिच्या मुलांना दिला, केवळ बाई म्हणून वगळणं समानतेविरुद्ध आहे असं सांगून. तो खटला मुलांनी आईच्या मागे लढला. इतिहास लिहिताना या बायकाही त्यात असू द्या, एवढंच.

---

दूरदेशी

अमेरिकेत न्यू जर्सीला राहते. गेल्या वर्षी भावाने कुलमुखत्यारपत्राचा मसुदा पाठवला, त्यावर वकिलातीत शिक्का घेऊन पाठव म्हणाला. मी वाचला नसता. नवऱ्याने वाचला. त्यात विक्रीचाही अधिकार होता. मी भावाला विचारलं, तर म्हणाला, "तुला तिकडे डॉलरमध्ये पगार, तुला काय करायचीय दोन एकर?" माझं म्हणणं एवढंच होतं की गरज नाही म्हणून सोडायचं की नाही, हे मी ठरवेन. गरज भावालाही कदाचित नसेल, त्याला कोणी विचारतं का? आमचं सहा महिने बोलणं बंद आहे. मी सही केलेली नाही.

---

पांदण

मी तलाठी कार्यालयात होतो, आता निवृत्त. आमच्याकडे काय चालतं ते सरळ सांगतो, कारण इतिहास तिथेही घडतो.

वारसनोंदीसाठी गावातले लोक येत तेव्हा मृताच्या वारसांची नावं विचारायची. भाऊ सांगत, "आम्ही दोघं." विचारलं, बहिणी? "त्या दिल्या घरी सुखी आहेत." पुष्कळ वर्षं अशा नोंदी झाल्या. किंवा ‘ए.कु.मॅ.’ म्हणून एकट्या थोरल्याचं नाव लावलं, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, बाकी सगळे त्याच्या पोटात. किंवा तुमच्यासारखं, बहिणी ‘इतर हक्क’ मध्ये. मुद्दाम अन्याय करावा म्हणून नव्हे. मागच्याने लिहिलं तसं पुढच्याने लिहिलं. मीही लिहिलं. त्याचं वाईट वाटतं.

एक प्रसंग माझ्यासमोर घडला. दुय्यम निबंधकाकडे सत्तरीच्या एक बाई भावाच्या नावे हक्कसोड करायला आल्या होत्या. अंगठ्याचा ठसा यंत्रावर घ्यायचा. उमटेना. हात धुऊन आल्या, पदराला पुसले, ऑपरेटरने केसांना घासायला लावला अंगठा, थोडं तेल लागावं म्हणून. तरी नाही. रेघाच राहिल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "लग्नाआधी दहा वर्षं याच रानात भुईमूग उपटलाय, मग सासरी उपटला." शेवटी डाव्या हाताच्या बोटावर काम झालं. भाऊ मागे उभा होता, त्याने मान खाली घातली, पण तो थांबवा म्हणाला नाही. मीही नाही म्हणालो.

रानजाई, फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात. नोटीस गावच्या चावडीवर लागते आणि बहीण सासरी असते. म्हणून आता सातबारा ऑनलाइन बघत जा, सगळ्याच जणी.

---

वकीलकाकू

पांदण यांनी लिहिलं ते मोठ्या मनाने लिहिलं.

काही बारीक गोष्टी. हक्कसोड नोंदणीकृत असेल तरच खरं, तोंडी सोडल्याला किंमत नाही, साध्या कागदावरच्यालाही नाही. वडिलोपार्जित मिळकतीत भावाच्या नावे सोडताना मुद्रांक अगदी किरकोळ लागतो. विकत द्यायचं झालं तर बाजारभावावर लागतो. सरकारने सोडणं स्वस्त ठेवलंय, म्हणून सोडणंच सोपं वाटतं. फसवून घेतलं असेल तर कळल्यापासून तीन वर्षांत दावा. आणि वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत वेगळी. ती ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात, मुलगा काय नि मुलगी काय.

२००५ च्या दुरुस्तीचं एक राहिलं. २० डिसेंबर २००४ ला बिल राज्यसभेत आलं तेव्हा शेतजमिनीतली फट तशीच होती. कलम ४(२) मुळे कूळकायद्याच्या आणि सीलिंगच्या, म्हणजे कमाल जमीनधारणेच्या कायद्याखालच्या, जमिनी या कायद्यातून सुटत. अर्थतज्ज्ञ बिना अगरवाल आणि त्यांच्यासोबतच्या गटांनी पाठपुरावा केला आणि ते कलम गेलं. १९३७ साली निसटलेली शेती २००५ साली पूर्ण हाती आली, ६८ वर्षांनी. कलम २३ ही तेव्हाच गेलं, म्हणजे राहत्या घराचा उंबरा उघडला.

---

सातमाळा

२०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या शेतखात्यांपैकी बायकांकडे साधारण १४ टक्के. कायदा पूर्ण, आणि आकडा १४. मधली सगळी जागा पांदण यांनी सांगितलेल्या त्या अंगठ्याची आहे.

---

गोदातीर

धागा वर काढते. रानजाई, तुमचं काय झालं?

---

रानजाई

उशिरा लिहिते, माफ करा. गावी जाऊन आले.

जाताना ताईला तिच्या घरून घेतलं. रस्त्यात तिला सगळं सांगितलं, १९९४, २००५, २०१५, २०२०. ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे मला चार वेळा आत-बाहेर केलं आणि मला पत्ताच नाही?" नंतर बराच वेळ गप्प. सिन्नरचा घाट उतरल्यावर म्हणाली, "मी सही करणार नाही. तुझं तू बघ." ताईने आयुष्यात कुठल्याच गोष्टीला इतकं सरळ नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

दादाला ओट्यावर बसून सांगितलं. शिवारदादांची सह्यांची अडचण आणि काकूंचा उपाय, दोन्ही मांडलं. पीककर्जापुरतं कुलमुखत्यारपत्र दोघीही देऊ, कसायचं त्यानेच, माल त्याचाच, फक्त नाव जागेवर राहू दे आणि उजवीकडून डावीकडे येऊ दे. दादा बराच वेळ काडीने जमिनीवर रेघा ओढत होता. म्हणाला, "मला वाटलं होतं तुम्हाला नकोच असेल." त्याला खरंच तसं वाटत होतं. आजवर आम्ही कधी हवं म्हटलंच नव्हतं. वाटप तूर्त थांबवलंय. नाव कब्जेदार सदरी घेण्यासाठी अर्ज दिला आहे, आईचंही. तिने त्यावर सही केली, अंगठा नाही. सही करायला ती चांदवडच्या आधीच्या उन्हाळ्यात शिकली होती, हे मला त्या दिवशी कळलं.

अण्णा उठून गोठ्याकडे गेला तो आम्ही निघेपर्यंत आला नाही. वहिनीने डबा भरून दिला, डोळ्याला डोळा न देता.

भाऊबीज नऊ दिवसांवर आहे. दादाचा फोन आला, ताईला नि मला या म्हणून. अण्णाचा नाही. ताई म्हणते थांबू. मी ओवाळायला त्याच्याकडे जाणार आहे, सकाळच्या पहिल्या बसने.